वाऱ्याचा हिशेब

दिवाळी ही हिशेबाची वेळ. आमच्या भाईंदरच्या बाजारात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानादुकानांतून नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, जुनी बाकी पुढे ओढली जाते, आणि वर्षभर तोंड चुकवणारी गिऱ्हाइकेही त्या दिवशी पेढा खायला दुकानाची पायरी चढतात. मास्तराच्या पदरी वह्या पुष्कळ. पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. तरीही एक देणे गेले वर्षभर माझ्या नावावर मांडलेले आहे. ते या निमित्ताने फेडून टाकावे, असा विचार आहे.

त्याचे झाले असे. वर्गात मी खारे वारे आणि मतलई वारे शिकवीत होतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा फिरतो, तो मतलई. उत्तनच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या मुलांना हा धडा शिकवणे म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यापैकीच आहे. पण अभ्यासक्रमात आहे म्हणून शिकवायचा. मी निम्म्यावर आलो असेन, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला :

“सर, होडीतल्या माणसाला वारा अंगाला लागतो. विमानातल्या माणसाला कसा कळतो? त्याची तर खिडकीसुद्धा उघडत नाही!”

वर्ग हसला. मीही हसलो. हसता हसता माझ्या ध्यानात आले, की या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही. अशा वेळी मास्तर मंडळी जे करतात तेच मी केले. “उद्या सांगतो,” म्हणून फळा पुसून टाकला.

तो उद्या उजाडायला एक वर्ष लागले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कादंबऱ्या लिहिण्यासाठी त्याहून अधिक शिक्षणाची गरज कधी भासली नाही. पण हा प्रश्न मात्र मला पुस्तकांमागून पुस्तकांत हिंडवीत राहिला. आणि मौज अशी, की उत्तराचे पहिले सूत्र मला पुस्तकात सापडलेच नाही. ते सापडले उत्तनजवळच्या चौकच्या किनाऱ्यावर.

चौकला जुन्या धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. तेथे उभे राहिले, की समोर वसईच्या खाडीचे मुख पसरलेले दिसते आणि पलीकडे पाचूबंदर. एके संध्याकाळी तेथे एक म्हातारा नाखवा जाळे दुरुस्त करीत बसला होता. वल्ह्याशिडाच्या काळात ही खाडी कशी ओलांडत, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ओहोटी लागली की खाडीचे पाणी पश्चिमेला समुद्राकडे ओढते. पाचूबंदरावर जायचे म्हणून होडीची नाळ थेट पाचूबंदरावर धरली, तर होडी भलतीकडेच लागते. नाळ पूर्वेला धरायची, मग होडी तिरकी तिरकी सरकत नेमकी बंदरावर येते.

“पण बाबा, नाळ किती पूर्वेला धरायची हे कसे कळे?” मी विचारले.

त्याने सुई थांबवली. “मास्तर, होडी पाण्यात असली की पाणी किती ओढतंय ते पाण्याला विचारून कळत नाही. ते किनाऱ्याला विचारावं लागतं.”

किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण आणि तिच्या मागची दुसरी खूण, या दोन्ही एका ओळीत धरायच्या. ओळ मोडली, की पाणी किती ओढते आहे ते कळते. मला वाटते, या विषयावर पुढे मी जे काही वाचले, ते सारे म्हाताऱ्याच्या त्या एका वाक्याचा विस्तार होता.

कारण आकाशातला वारा आणि खाडीतले पाणी यांचा न्याय एकच आहे. आपण जमिनीवर उभे असतो म्हणून वारा आपल्याला लागतो. जमीन आपल्याला धरून ठेवते आणि हवा अंगावरून जाते. विमानाला असे धरून ठेवणारे काही नसते. ते हवेच्या प्रचंड प्रवाहात बुडालेले असते आणि तो प्रवाह त्याला सगळ्यासकट उचलून नेत असतो. साध्या बलूनमध्ये बसलेल्या माणसाला तर वारा जवळजवळ जाणवतच नाही. खाली शेते भराभर मागे पडत असतात आणि टोपलीत मात्र विलक्षण शांतता असते. विमानाच्या नाकावर जो झोत आदळतो तो त्याच्या स्वतःच्या वेगाचा; तो वाऱ्याचा नव्हे. वाऱ्याच्या पोटात बसून वारा मोजता येत नाही. तो किनाऱ्याला विचारावा लागतो, आणि आकाशात तर किनारा नाही! पुढची सगळी गोष्ट ही आकाशाला किनारा शोधून देण्याची गोष्ट आहे.

ती आपल्याकडे जुहूपासून सुरू करता येते. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या ‘पस मॉथ’ विमानातून निघाले, अहमदाबादेला इंधन घेऊन दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले आणि भारतीय हवाई टपालसेवेचा आरंभ झाला. तेथून पुढे टपाल मद्रासकडे नेले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, वेगमापक, नकाशा आणि डोळे, एवढ्या भांडवलावर कारभार होता.

आता वाचकांनी माझ्याबरोबर थोडे गणित करावे. मुलांना सोबत घेतले तर उत्तम. अहमदाबादेहून मुंबई जवळजवळ नेमकी दक्षिणेला आणि सरळ रेषेत सुमारे ४४० किलोमीटरवर आहे. पस मॉथचा वेग ताशी १६० किलोमीटर धरू. म्हणजे पावणेतीन तासांचा प्रवास. समजा, वैमानिकाने होकायंत्रावर दक्षिण धरली आणि डोळे मिटून पावणेतीन तास विमान हाकले. वारा नसेल तर तो जुहूवर येईल. पण पश्चिमेकडून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, आणि हा काही वादळी वारा नव्हे, तर तेवढ्या वेळात विमान ८० किलोमीटरांहून अधिक पूर्वेला ढकलले जाईल. विमानाचे नाक सारा वेळ दक्षिणेकडेच, वेगमापकावर ताशी १६० च, घड्याळ बरोबर, होकायंत्र बरोबर. आणि डोळे उघडून पाहावे तर खाली जुहूची पुळण नाही, भीमाशंकरचे डोंगर! कोणतेही यंत्र खोटे बोललेले नसताना माणूस खोट्या जागी पोहोचतो. वाऱ्याची सारी भीती या एका गोष्टीत आहे.

यावर उपाय नाखव्याचाच. नाक सुमारे अकरा अंश पश्चिमेला धरायचे. मग विमान तिरके सरकत दक्षिणेला जाईल. पण अकराच अंश, हे ठरवायला वारा आधी ठाऊक हवा. १९३२ साली तो खाली पाहून ओळखत. गिरणीच्या धुराड्याचा धूर, शेतातल्या पिकावर उठणारी लाट, पाण्यावरचे पांढरे तुरे आणि विमानाखालून तिरकी सरकणारी जमीन, ही त्या वेळची यंत्रे. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निकामी होई, तेव्हा हीच सेवा पुण्याहून चाले आणि घाटातल्या ढगांत जमीनही दिसेनाशी होई. तरीही पहिल्या वर्षात मुंबई-मद्रासचे टपाल कराचीला पुढच्या विमानावाचून एकदाही राहिले नाही, अशी नोंद सरकारी अहवालात झाली.

सगळ्यांचे नशीब असे नव्हते. १९३० सालासाठी आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावले होते. त्यात जे. आर. डी. होते, अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर होते आणि मनमोहन सिंग नावाचे एक धाडसी तरुणही होते. मनमोहन सिंगांनी आपल्या विमानाचे नाव ठेवले होते ‘मिस इंडिया’, आणि त्यांची वाट इतकी चुके, की हे गृहस्थ खरोखरच ‘इंडिया मिस’ करणार अशी थट्टा लंडनच्या एका विमानविषयक नियतकालिकाने केली! शेवटी ते हिंदुस्थानात पोहोचले, पण मुदत टळून गेली होती. बक्षीस अस्पींनी मिळवले.

वारा जमिनीवरून मोजण्याचा उद्योगही याच काळात वाढला. रबरी फुग्यात हलका वायू भरायचा, तो सोडायचा आणि दुर्बिणीच्या थिओडोलाइटने त्याचा पाठलाग करायचा. फुगा जिकडे आणि जितका सरकेल तो त्या उंचीवरचा वारा. आपल्या देशात १९१४ साली आग्र्याला या वरच्या हवेच्या अभ्यासासाठी वेधशाळा निघाली. १९२८ साली हवामानखात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. वरच्या हवेत काय काय चालते, हे पुढे हळूहळू उलगडत गेले. १९५८ साली पी. कोटेश्वरम् या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पावसाळ्यात आपल्या डोक्यावर फार उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याची एक वेगवान नदीच वाहत असते. खाली नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन पूर्वेकडे चालला आहे आणि वर पंधरा किलोमीटरांच्या आसपास दुसरा वारा नेमका उलट धावतो आहे! जमिनीवरचा धूर पाहून वरचा वारा ओळखू म्हणणाऱ्याची येथे पुरी फसगत व्हायची.

तोवर विमानेही लांबची आणि उंचावरची झाली होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. अशा दूरच्या पल्ल्यांना समुद्रावर आणि वाळवंटावर धुराडी कुठली, आणि पिके कुठली? म्हणून त्या काळच्या विमानांत वैमानिकाखेरीज एक स्वतंत्र मार्गदर्शक, म्हणजे नॅव्हिगेटर, असे. त्याचे टेबल निराळे, नकाशे निराळे. आणि त्याच्या नकाशावर वारा कसा सापडे, ते पाहण्याजोगे आहे.

तो दर तासाला नकाशावर दोन ठिपके काढी. पहिला ठिपका अंदाजाचा : या दिशेने, या वेगाने इतका वेळ चाललो, वारा मुळीच नसता तर आपण येथे असतो. दुसरा ठिपका प्रत्यक्षाचा : सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजून, रेडिओचा वेध घेऊन किंवा खाली एखादे बेट दिसले तर ते ओळखून काढलेली खरी जागा. हे दोन ठिपके जोडणारी रेघ म्हणजे तासाभरातला वारा! रेघेची दिशा ती वाऱ्याची दिशा, रेघेची लांबी तो वाऱ्याचा वेग. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो. वारा ही वेगळी मोजायची वस्तूच नव्हे. आपण जेथे असायला हवे होतो आणि जेथे आहो, या दोहोंमधील अंतराचे नाव वारा.

त्या दुसऱ्या ठिपक्याची किंमत किती, हे आपल्या महाराष्ट्राने एकदा फार जवळून पाहिले आहे. ७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून रोमला चाललेले अलिटालिया कंपनीचे जेट विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. पावसाळी अंधार. मुंबई आता जवळ आली अशा समजुतीने वैमानिकाने विमान खाली आणण्यास सुरुवात केली. मुंबई जवळ आलेली नव्हती. ती अजून ऐंशीपंच्याऐंशी किलोमीटर दूर होती, आणि खाली जुन्नरचे डोंगर होते. विमानातल्या ९४ माणसांपैकी एकही वाचले नाही. चौकशीतून निघालेले कारण एका वाक्यात सांगता येईल : मार्गाच्या हिशेबात चूक झाली आणि वैमानिकाला आपण मुक्कामाच्या अधिक जवळ आहोत असे वाटले.

मघाशी आपण आपल्या गणितातले विमान भीमाशंकरला नेऊन सोडले, तेव्हा ती गंमत होती. जुन्नर तेथून फार लांब नाही. ‘आपण कुठे आहोत’ याविषयीची समजूत आणि सत्य यांच्यामध्ये जे काही कमीजास्त पडते, त्याचा हिशेब वेळीच जुळला नाही, तर काय होते, ते त्या डोंगराने पाहिले. विमानातली माणसे वाऱ्यामागे एवढी का लागली, याचे उत्तर मला तेथे मिळाले. वारा हवा असतो तो वाऱ्यासाठी नव्हे; आपली जागा खरी ठरावी म्हणून.

मग ते दोन ठिपके दर तासाऐवजी दर क्षणाला, आणि माणसाऐवजी यंत्राने काढावेत, हा ध्यास शास्त्रज्ञांनी घेतला. त्यासाठी यंत्राला दोन प्रश्नांची उत्तरे यावी लागतात. पहिला : हवेच्या मानाने मी कोणत्या दिशेने किती वेगाने चाललो आहे? दुसरा : जमिनीच्या मानाने मी कोणत्या दिशेने किती वेगाने चाललो आहे?

पहिल्या प्रश्नातल्या वेगाचे उत्तर फार जुने आहे. १७३२ साली हेन्री पितो या फ्रेंच अभियंत्याने काचेची वाकडी नळी प्रवाहाकडे तोंड करून सेन नदीत बुडवली आणि नळीत पाणी किती चढते यावरून नदीचा वेग काढला. बरोबर दोनशे वर्षांनी जे. आर. डी. जुहूला उतरले, आणि आजही प्रत्येक प्रवासी विमानाच्या नाकाजवळ त्याच गृहस्थाच्या नावाची नळी असते. नदीसाठी केलेले यंत्र आकाशात गेले, याचे आमच्या नाखव्याला नवल वाटणार नाही. उंचावर हवा विरळ होते म्हणून नळीवरचा दाब कमी पडतो. अकराएक किलोमीटरांवर नुसत्या नळीचे ऐकले, तर ती खऱ्या वेगाच्या जेमतेम साठ टक्के वेग सांगेल. म्हणून बाहेरच्या हवेचा दाब आणि तपमान मोजून विमानातले गणकयंत्र तिचा आकडा दुरुस्त करते.

दिशेचे उत्तर होकायंत्राचे. पण होकायंत्राची उत्तर आणि पृथ्वीची खरी उत्तर यांत थोडा फरक असतो आणि तो वर्षानुवर्षे बदलत राहतो. या फरकाची नोंद ठेवण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजमापे होत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसले, तेव्हा त्यांच्या विजेने लोहचुंबकाच्या सुया बिथरतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागेला हलवले. लोखंड टाळून बांधलेल्या तेथल्या वेधशाळेत १९०४ पासून सुरू झालेली मोजमापे आजतागायत चालू आहेत.

दुसरा प्रश्न अवघड होता, कारण तेथे किनारा हवा. पहिला उपाय निघाला तो रडारचा. विमानाच्या पोटातून रेडिओच्या लहरी तिरप्या खाली सोडायच्या; त्या जमिनीवर आपटून परत येतात तेव्हा त्यांचा सूर किंचित बदललेला असतो. स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती लागते, तोच हा नियम. १८४२ साली डॉप्लर या शास्त्रज्ञाने तो मांडला. सूर किती बदलला यावरून जमिनीवरचा वेग आणि तिरकेपणा दोन्ही कळतात. दुसरा उपाय याहून अद्भुत. त्यात बाहेर पाहायचेच नाही! अंधाऱ्या रात्री एस्टीत बसलेला माणूस गाडी वेग घेताना मागे रेलतो, वळताना बाजूला झुकतो. या प्रत्येक धक्क्याची कोणी अचूक नोंद ठेवली, तर खिडकी बंद असूनही गाडी कुठे आली ते त्याला सांगता येईल. भोवऱ्यासारखी फिरणारी चाके आणि धक्के मोजणारी अतिसूक्ष्म यंत्रे यांनी हे साधले. १९५३ साली अमेरिकेत चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी अशा यंत्राच्या आधारे देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत विमान नेऊन दाखवले.

१९७१ साली एअर इंडियाचे पहिले जंबो जेट ‘एम्परर अशोक’ मुंबईला आले. या जातीच्या विमानात अशी तीन यंत्रे बसवलेली असत. एक चुकले तर बाकीची दोन त्याला उघडे पाडीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हवेच्या नळीकडून, दुसऱ्याचे या यंत्राकडून. एकातून दुसरे वजा केले, की वारा. आकडे समोर उभे. नॅव्हिगेटरचे टेबल हळूहळू निघाले, सेक्स्टंट पेटीत गेला. ताऱ्यांशी बोलणारी एक अख्खी पिढी वजाबाकीच्या एका यंत्राने घरी बसवली. मला त्या माणसांविषयी हळहळ वाटते. पण जुन्नर आठवले, की तक्रार करवत नाही. पुढे नव्वदीच्या दशकात उपग्रह आले आणि तेही किनाऱ्याच्या खुणांचे काम करू लागले.

आजच्या विमानात वैमानिकासमोरच्या पडद्यावर नकाशा असतो. त्याच्या एका कोपऱ्यात हवेतला वेग आणि जमिनीवरचा वेग असे दोन आकडे, त्यांच्याजवळ वाऱ्याची दिशा व वेग, आणि त्याखाली एक लहानसा बाण. ‘२७०’ आणि पुढे ‘८०’ असे असेल तर नेमक्या पश्चिमेकडून ऐंशी नॉटचा, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरांच्या आसपासचा वारा. आपण ‘पश्चिमेचा वारा’ म्हणतो तसेच यंत्रही वारा कोठून येतो ते सांगते. बाण मात्र तो कोठे चालला हे विमानाच्या मानाने दाखवतो. तुमचे कोणी लंडनला असेल, तर हिवाळ्यात मुंबईहून तिकडे जाताना परतीच्या मानाने साधारण तासभर अधिक लागतो, हे तुम्ही ऐकले असेल. तो तास त्या बाणाने घेतलेला असतो.

पण वजाबाकीचे उत्तर दोन्ही आकडे खरे असतील तेवढेच खरे, हे मुलांना सांगावे लागत नाही. विमान आडवे घसरत असेल, तर यंत्राचा वारा तेवढ्यापुरता बिघडतो. म्हणून उतरताना वैमानिक विमानतळाच्या मनोऱ्यावरून सांगितलेला वारा जमेस धरतो. आणि पितोची नळीच बर्फाने बुजली तर? १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या नळ्या अटलांटिकवर बर्फाच्या कणांनी थोडा वेळ बुजल्या, वेगाचे आकडे खोटे झाले, पुढच्या गोंधळात विमान सावरता आले नाही आणि २२८ माणसे गेली. एवढ्या यंत्रांच्या गर्दीतही सारी भिस्त अखेर बोटाएवढ्या नळीच्या मोकळ्या तोंडावर असते.

राहता राहिली या कथेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. यंत्राने काढलेला हा वारा आता विमानातच राहत नाही. जगभरातली हजारो विमाने आपापल्या जागचा वारा आणि तपमान आपोआप खाली कळवतात, आणि हवामानाचा अंदाज बांधणारी केंद्रे, आपल्या देशातलीही, ते आकडे आपल्या गणितात घेतात. २०२० साली महामारीने विमाने जमिनीवर बसली, तेव्हा या नोंदी एकाएकी किती घटल्या याची चिंता हवामानशास्त्रज्ञांना पडली होती. जो फुगा पूर्वी माणसाला मुद्दाम सोडावा लागे, त्याचे काम आता दुबईला चाललेले पाहुणे नकळत करीत असतात.

गेल्या महिन्यात मी त्या वर्गात गेलो. मुले आता वरच्या इयत्तेत गेली आहेत. फळ्यावर अहमदाबाद काढली, मुंबई काढली, भीमाशंकरही काढले, आणि वर्षापूर्वीचे उत्तर दिले. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा आता पहिल्या बाकावर येऊन बसला होता. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “म्हणजे सर, चुकल्याशिवाय वारा कळतच नाही!”

मी म्हणालो, “चुकल्याशिवाय नव्हे रे. आपण कुठे असू असे वाटले होते ते प्रामाणिकपणे लिहून ठेवल्याशिवाय.”

संध्याकाळी चौकला गेलो. म्हातारा नाखवा होता. त्याचा नातू आता इंजिनाच्या होडीवर उपग्रहाचे यंत्र लावून जातो आणि निघण्याआधी मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज पाहतो. वरून एक विमान मुंबईकडे उतरत चालले होते. त्या अंदाजात वरच्या विमानांनी कळवलेला वाराही असतो, हे मी म्हाताऱ्याला सांगितले. त्याने कपाळावर हात आडवा धरून विमान दिसेनासे होईपर्यंत पाहिले.

“म्हणजे त्यांनी किनाऱ्याला विचारलं,” तो म्हणाला, “आणि आम्हांला सांगितलं. बरं झालं.” आणि पुन्हा जाळे ओढून घेतले.

माझ्या वहीतली एवढी बाकी फिटली. वाचकांनीही यंदा नवी वही उघडताना पहिल्या पानावर दोन ठिपके काढून पाहावेत : गेल्या दिवाळीला आपण कुठे असू असे वाटले होते तो एक, आणि आज आहो तो दुसरा. मधली रेघ पाहून खंत करू नये. तो वारा आहे. तो कळला, म्हणजे पुढच्या वर्षी नाक किती अंशांवर धरायचे ते कळते.